दुखणं बेणणीचं नव्हतं

आमच्या चौलकडे तण काढण्याला बेणणी म्हणतात. लग्न होऊन या घरात आल्यापासून, म्हणजे सत्तावीस वर्षं, घरामागच्या भाजीच्या वाफ्यांची बेणणी मीच करत आले. सकाळी शाळेत मुलांचा पोषण आहार शिजवायचा, दुपारी घरचं आवरायचं आणि ऊन उतरलं की खुरपं घेऊन मागे जायचं. मुळा, माठ, वांगी, मिरच्या. थंडीत वाल आणि थोडा पांढरा कांदा. घरापुरतं पिकायचं, उरलं तर शेजारी जायचं. त्यामुळे माझी पाठ दुखायला लागली तेव्हा कुणालाच नवल वाटलं नाही. मलाही नाही.

ती चूक मला फार महागात पडली. कुणा बाईचं आत्ता असंच चाललं असेल, तिच्या हाती हे पडावं म्हणून लिहिते आहे. मी लिहिणारी बाई नाही. झालं तसं सांगते.

एक चप्पल

दुखणं गणपतीच्या सुमारास सुरू झालं. दोन्ही खांद्यांच्या मधोमध, जरा खाली. वाकून तण ओढलं की कळ निघायची, पण आडवी झाले तरी ती थांबायची नाही. तिथेच शंका यायला हवी होती. कामाचं दुखणं पडून राहिलं की बहुतेक वेळा हलकं होतं, हे मला पुढे डॉक्टरांनी सांगितलं. संध्याकाळी अंग कोमट लागायचं. ब्लाउज सैल व्हायला लागले, तर शाळेतल्या बाई म्हणाल्या, "बारीक झालात, छान दिसताय." मला बरंच वाटलं.

मलम झालं, विटेचा शेक झाला, मेडिकलमधून आणलेल्या गोळ्या झाल्या. पाठ चोळून देणाऱ्या एका गृहस्थांकडेही जाऊन आले. आमचे हे अलिबाग-रेवदंडा मिनीडोर, म्हणजे सहा आसनी रिक्षा, चालवतात. रोज स्टिअरिंगवर बसून त्यांचीही कंबर धरते. ते म्हणायचे, "माझी धरते, तुझी धरते. वय झालं आता. ते गवत उपटत बसणं सोड."

मी सोडलं नाही. माघात कांद्याच्या वाफ्यात लव्हाळा माजला होता. लव्हाळा म्हणजे ते बारीक पात्याचं गवत, ज्याच्या मुळाशी काळ्या गाठी असतात. वरून उपटलं तर गाठ खाली राहते आणि आठ दिवसांत परत उभं. त्या दिवशी तासभर उकिडवी बसून तेच ओढत होते. मग गुडघ्यावर हात टेकून उठले आणि नळाकडे हात धुवायला गेले.

मागच्या पायरीवर सासूबाई वाल सोलत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "अगो सुनंदा, तुजी येक चप्पल कुठं हाय?"

मी खाली बघितलं. डावा पाय अनवाणी होता. चप्पल मागे वाफ्यातच राहिली होती आणि मी वीस-पंचवीस पावलं तशीच चालत आले होते. मला कळलंच नव्हतं. खाली बसून पायाला बोट लावून पाहिलं, तर जाड गोधडीवरून कुणी हात लावावा तसं लागलं.

त्या क्षणी मी पहिल्यांदा घाबरले.

ज्या दिवशी नाव कळलं

यांनी मला अलिबागच्या दवाखान्यात नेलं. तिथे मशीनमध्ये घालून पाठीचे फोटो काढले. दुसऱ्या दिवशी एका तरुण डॉक्टरबाईंनी आम्हाला दोघांना समोर बसवलं. त्यांनी फोटो उजेडावर धरला आणि पेनाने दाखवलं. दोन मणके कडेने कुरतडल्यासारखे दिसत होते.

"मणक्याला टीबी झालाय," त्या म्हणाल्या. "खात्रीसाठी सुईने तपासणी करावी लागेल, पण मला तेच वाटतंय."

हे लगेच म्हणाले, "पण हिला खोकला नाही. एकदाही नाही."

"टीबी फक्त छातीत होतो असं नाही, काका."

मग हे माझ्याकडे वळले आणि चारचौघांत बोलू नये अशा आवाजात म्हणाले, "सांगत होतो ना मी, त्या गवतात वाकू नकोस! ऐकलंस कधी?"

 मलाही तेच वाटत होतं, की हे मीच ओढवून घेतलं. डॉक्टरबाईंनी फोटो खाली ठेवला. "गवत काढून हा आजार होत नाही. ह्यात ह्यांची काही चूक नाही," त्या यांना म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून सावकाश बोलल्या, "पण मणके आता कमजोर झालेत. आतल्या नसेवर दाब येतोय. आजपासून वाकायचं नाही, उचलायचं नाही. मोठ्या रुग्णालयात लगेच जावं लागेल."

"नाही गेलो तर?" मी विचारलं.

"पाय जाऊ शकतात."

बाहेर बाकावर आलो. यांनी मला पाण्याची बाटली दिली आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. आमच्या संसारात मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. त्या दिवशीही चेहरा नाही पाहिला, फक्त पाठ पाहिली.

मांडव्याहून

मुंबईला रस्त्याने नेलं तर गचके बसतील म्हणून मांडव्याहून गाड्या नेणाऱ्या बोटीने न्यायचं ठरलं. रुग्णवाहिका तशीच बोटीवर चढली. मी आत पट्ट्यांनी बांधलेली, उताणी. मला फक्त गाडीचं छत दिसत होतं आणि खालून बोटीच्या इंजिनाची घरघर पाठीला लागत होती.

आमचे हे मुळात कमी बोलणारे. दिवसभर माणसं वाहतात, घरी आल्यावर गप्प असतात. पण त्या दिवशी त्यांनी गाडीचं मागचं दार थोडं उघडून धरलं आणि बाहेर जे दिसेल ते मला सांगत राहिले. "आता धक्का सुटला. तीन बगळे बसलेत खांबावर. एक बाई पोराला भजी भरवतेय. तिकडे मोठं जहाज उभं आहे, लाल रंगाचं, रंग उडालाय त्याचा." पार मुंबईच्या बाजूला लागेपर्यंत त्यांचं तोंड थांबलं नाही. दवाखान्यातल्या त्या बोलण्याबद्दल त्यांनी माफी मागितली नाही. मला तिची गरजही उरली नाही.

अंगठा

सुईची तपासणी झाली, आजार पक्का ठरला, गोळ्या सुरू झाल्या. आधी गोळ्या आणि पूर्ण पडून राहणं. पायातली शक्ती आणखी कमी झाली तर ऑपरेशन, असं ठरलं. कूस बदलायची तर दोन सिस्टर येऊन मला सरळ ओंडक्यासारखं फिरवायच्या. गोळ्यांनी मळमळायचं. लघवी लाल झाली तेव्हा मी किंचाळले होते. गोळ्यांनी तसं होतं, हे कुणी आधी सांगितलं नव्हतं. म्हणून मी इथे सांगते.

रोज सकाळी डॉक्टर यायचे आणि पायाशी उभे राहून म्हणायचे, "डावा अंगठा हलवा."

मी सगळा जीव त्या अंगठ्यात गोळा करायची. तो हलायचा नाही. डॉक्टर वहीत काहीतरी लिहायचे आणि पुढच्या खाटेकडे जायचे. मला तिथून माझा पाय दिसायचा नाही, म्हणून त्यांच्या चेहऱ्यावरून ओळखावं लागायचं.

शेजारच्या खाटेवर दिघीच्या फातिमाआपा होत्या. सत्तरीच्या. पडून खुबा मोडला होता. त्यांच्या पाठीवर मोठं कुबड होतं. दोन दिवस मी त्याकडे बघायचं टाळलं. तिसऱ्या दिवशी त्याच म्हणाल्या, "बग ना नीट. लाजतेस कशाला? तुला झालाय तोच आजार. मी लहान होते, घरातल्यांना वाटलं पोरगी पानी भरून थकते. दवा न्हाय केली. मंग पाठ अशी बसली."

 मग त्याच हसल्या. "येक फायदा हाय. मला वाडीत गवत काढायला वाकावं लागत न्हाय. मी वाकलेलीच हाय."

त्यांचीही घरामागे भाजी होती. आमचं बोलणं मग तिथेच चालू झालं, आणि वॉर्डातल्या लांबलचक दुपारी त्यावर निघाल्या. मी लव्हाळ्याचं रडगाणं गायलं. त्या म्हणाल्या, "तू वाफाभर पानी सोडतेस ना? मंग गवताला आवतन कशाला हवं? झाडाच्या बुडाशी घाल, बाकी जमीन झाकून ठेव. उघडी जमीन दिसली का गवत येणारच." मी सत्तावीस वर्षं बेणणी केली होती, पण गवत येऊच नये म्हणून काही करता येतं, हा विचार माझ्या डोक्यात आला नव्हता.

सतराव्या दिवशी सकाळी डॉक्टर अजून यायचे होते. मी सवयीने अंगठ्याला हुकूम सोडला. मला काहीच जाणवलं नाही. शेजारून फातिमाआपा ओरडल्या, "हलला! सिस्टर, हिचा आंगठा हलला! अल्लाची शपत, मी बगितला!"

सिस्टर धावत आल्या. "परत हलवा." मी हलवला. त्या माझ्या पायावर हात ठेवून उभ्या राहिल्या. तो हात मला थोडासा लागला, थंडगार.

दोन दिवसांनी फातिमाआपांना त्यांचा भाचा घरी घेऊन गेला. नंबर घ्यायचा राहून गेला. पुढे त्यांचं काय झालं, मला माहीत नाही.

वेगळं ताट

होळीच्या आधी मला घरी आणलं. पाठीला कडक पट्टा, आणि पडवीत खाट.

त्या वेळी माझी मुलगी पल्लवी सात महिन्यांची गरोदर होती. पहिलं बाळंतपण आमच्याकडे व्हायचं होतं. मी तिच्यासाठी डिंक-मेथीची यादीही करून ठेवली होती. माझ्या छातीचा फोटो स्वच्छ होता. माझ्यापासून कुणाला लागण होणार नाही, हे डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं होतं. आरोग्य केंद्राच्या आशाताईंनी घरी येऊन सगळ्यांना समजावलंही. सासूबाईंनी मान डोलावली आणि माझी ताट-वाटी वेगळ्या फडताळात ठेवली.

"राग मानू नको," त्या म्हणाल्या. "माजा भाऊ ह्याच रोगानं गेला. मी सात वर्साची व्हते. मला त्याच्याजवल जाऊ देत नव्हते. मी दारातून बगायची."

मी राग मानला नाही, असं लिहिलं तर ते खोटं होईल. पण त्या सात वर्षांच्या मुलीशी भांडता येईना.

पल्लवीचा सासरहून, पेणहून फोन आला. "आई, इथले म्हणतात, बाळंतपण इथेच करूया."

"तुला काय वाटतं?"

 ती म्हणाली, "मला भीती वाटते गं आई. तुझी नाही. बाळासाठी."

मी "बरं" म्हटलं. फोन ठेवल्यावर उशीत तोंड घालून रडायचं होतं, पण पट्ट्यामुळे वळता येईना. उताणीच रडले. पाणी दोन्ही कानांत गेलं.

चैत्रात मुलगा झाला. मी त्याला फोनवर पाहिला. तो तीन महिन्यांचा झाल्यावर पल्लवी त्याला घेऊन आली. दारात थबकली. "उचलू नकोस हं, डॉक्टर नको म्हणालेत," ती म्हणाली. आम्हा दोघींनाही माहीत होतं की कारण तेवढंच नव्हतं. मी म्हटलं, "नाही उचलत." मग ती पुढे आली आणि तिने स्वतःच त्याला माझ्या दंडाशी निजवलं. तो माझ्या पट्ट्याच्या कडेवर मूठ आपटत राहिला. पल्लवी खाली बसली आणि माझ्या हातावर कपाळ टेकून म्हणाली, "चुकलं माझं." मी म्हटलं, "भीतीत कसली चूक?" मलाही तोवर भीतीची बरीच ओळख झाली होती.

ताटाचं म्हणाल, तर एका दुपारी सासूबाईंनी मला भात वाढून आणला तो रोजच्याच, सगळ्यांच्या ताटात.  

फोनवरची बेणणी

पडून असताना मागच्या वाफ्यांचा विचार डोक्यातून जाईना. यांनी कधी खुरपं हातात धरलेलं नव्हतं. पण एका संध्याकाळी माझ्या फोनवर यांचा व्हिडिओ कॉल आला, आणि बघते तर समोर वाफाच. हे तिथे उभे, फोन जमिनीकडे धरून.

"हे काढू का?"

"अहो नको! तो लाल माठ आहे."

"मग हे?"

"ते काढा. काटेमाठ. हात सांभाळा."

"आई गं! ...आधी सांगायचं ना!"

तोवर त्यांनी अर्धा माठ उपटून टाकला होता आणि काटेमाठाला पाणी घालत होते. आजारपणात मी पहिल्यांदा हसले ती त्या दिवशी. हसताना पाठीत कळ आली, तरी हसले. मग ते रोजचंच झालं. दुपारची फेरी त्यांनी दुसऱ्याला दिली आणि ते वाफ्यात राहू लागले. पावसात टाकळा आणि गवत कमरेएवढं वाढलं, तेव्हा एक दिवस खुरपं टाकून म्हणाले, "सत्तावीस वर्षं तू हे करत होतीस?"

मी म्हटलं, "तुम्ही म्हणायचात, बसून तर असतेस."

आता कशी बेणते

दिवाळीनंतर डॉक्टरांनी मला थोडं काम करायची परवानगी दिली. अट एकच होती, कमरेतून वाकायचं नाही. वाकल्याशिवाय बेणणी होते का, असं मला वाटलं. होते, पण सगळं बदलावं लागलं.

बारा वाफ्यांचे आम्ही पाच केले. हा निर्णय मला सगळ्यांत जड गेला. वाफ्यांभोवती यांनी चिऱ्याचे थर रचून ते गुडघ्याहून उंच केले, आणि दोन्ही बाजूंनी हात मधपर्यंत पोचेल एवढेच रुंद ठेवले. मी कडेला खुर्ची लावून बसते. मधल्या वाटांवर जुनी गोणपाटं अंथरून वर नारळी-पोफळीच्या वाडीतला पातेरा, म्हणजे वाळका पालापाचोळा टाकला. झाडांच्या मधल्या जागेत पेंढा. पाणी तांब्याने, फक्त बुडाशी. दिघीच्या आपांचं म्हणणं खरं निघालं. निम्मं गवत उगवलंच नाही.

जे उगवतं ते दोन पानांचं असतानाच घालवायचं. यांनी खुरप्याच्या पात्याला माझ्या खांद्याएवढा बांबूचा दांडा बसवून आणला. सकाळी उन्हं आली की मी ताठ उभी राहून तो जमिनीवरून नुसता ओढते. माती वरवर खरवडली की कोवळं तण तिथल्या तिथे वाळतं. खोल खणलं तर खालचं बी वर येतं, म्हणून खणत नाही. मोठं तण निघालंच, तर माती ओली असताना ओढायचं, ते अलगद येतं. लव्हाळा मात्र यांच्याकडे. ते टोकदार पहारीने माती सैल करून गाठीसकट काढतात. आणि कुठलंही तण बियांवर येऊ द्यायचं नाही, हा आमचा घरातला कायदा झाला आहे.

फोनवर पंधरा मिनिटांचा गजर लावते. वाजला की उठायचं, काम अर्धं असलं तरी. पहिले काही दिवस गजर बंद करून बसून राहिले, तर सासूबाई आतून ओरडल्या, "वाजला गो! ऊठ! परत खाटंवर पडायचं हाय का?"

थोडं तण राहतं. राहू देते. पूर्वी मला एक काडी दिसलेली खपत नसे.

पंधरा महिन्यांनी गोळ्या थांबल्या. डाव्या पायाची दोन बोटं अजून बधिर आहेत, ती बहुधा तशीच राहतील. शाळेतल्या मोठ्या पातेल्यांकडे मी परत गेले नाही.

निर्मला

गेल्या आठवड्यात सकाळी मी वाफ्याशी बसले होते. शाळेत माझ्या जागी स्वयंपाकाला लागलेली निर्मला आली. तिला दांड्याचं खुरपं बघायचं होतं.

"मला पण असंच बनवून द्या ना वहिनी," ती म्हणाली. "बेणणी करून करून पाठीची वाट लागलीय."

"कधीपासून?"

"झाले दोन-अडीच महिने."

"पडून राहिलीस की थांबतं?"

तिने दांडा हातात फिरवून बघितला. "न्हाय हो. झोपले की जास्तच."

माझा हात थांबला. मी तिच्याकडे नीट पाहिलं. तिचा ब्लाउज खांद्यावरून सरकत होता, आणि तिने तो पिनेने आत घेतला होता.

"संध्याकाळी अंग गरम लागतं का गं?"

 ती हळूच म्हणाली, "व्हय. पण ते उन्हानं असंल. वहिनी, असं काय बगताय माझ्याकडं?"

  काहीच नसेल तर मी उगाच हिला घाबरवणार. आणि असेल तर? मी खुर्चीला धरून उठले आणि तिच्या हातातून खुरपं घेऊन चिऱ्याला टेकवलं.

"घरी कुणाला फोन करायचा तर कर," मी म्हटलं. "आपण आत्ता दवाखान्यात जातोय."

"आत्ता? शाळेत भात टाकायचाय मला."

"भात दुसरं कुणी टाकेल."

यांनी मिनीडोर दारात आणली. निर्मला आधी मागे बसत होती, मी तिला पुढे, गचके कमी बसतात त्या जागी बसवलं आणि तिच्या शेजारी टेकले. रेवदंड्याच्या वळणावर तिने माझा हात धरला. "वहिनी, मला काय झालं असंल?"

"मला माहीत नाही," मी म्हटलं. "मी तुझ्यासोबत आहे."

तिचा रिपोर्ट काय आला ते मी इथे लिहिणार नाही. ते सांगायचं की नाही, तिने ठरवायचं आहे. त्या सकाळी आम्ही दोघी बाकावर बसलो होतो, तिचं नाव पुकारलं गेलं आणि ती उठली. मीही उठले, आणि आम्ही दोघी आत गेलो.